मधोमध एक भोक

जुन्या बाजारात रविवारी सकाळी लवकर पोचलं तर घड्याळं मिळतात, उन्हं चढल्यावर गेलं तर घड्याळांचे अवयव. मी पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. मंगळवार पेठेतल्या त्या रस्त्यावर एका मुलानं ताडपत्री अंथरून नळाच्या तोट्या, बिनकुलपाच्या किल्ल्या, चष्म्याच्या काड्या मांडल्या होत्या. त्यांच्यात बिस्किटाच्या डब्याचं एक झाकण होतं आणि झाकणात एक पांढरी चकती. व्यास चार सेंटिमीटरच्या थोडा वर. काळे रोमन आकडे, त्यांच्या बाहेरून आगगाडीच्या रुळांसारखी मिनिटांची बारीक दुरेघी पट्टी, खाली सहाच्या जागी सेकंदांचं छोटं वर्तुळ. मागचं यंत्र नाही, काटे नाहीत, काच नाही. खिशातल्या जुन्या घड्याळांचं असंच होतं. डबी चांदीची असली तर ती वजनावर जाते, यंत्रातली चाकं दुसऱ्या एखाद्या घड्याळाला लागतात, आणि तबकडी मागं राहते.

घरी आणून ओल्या फडक्यानं पुसली तेव्हा ती आतून उजेड असल्यासारखी पांढरी निघाली. चारसहा केसांएवढे तडे होते, बाकी आकडे कालच छापल्यासारखे काळेभोर. मी इतकी वर्षं अशा तबकड्यांना चिनीमातीच्या समजत आले होते. बहुतेक लोक तसंच म्हणतात. पण कडेला एक टवका उडालेला होता, आणि त्या टवक्यात लालसर धातू दिसत होता. उलटी केली. मागच्या बाजूला राखाडी थर, त्यातून वर आलेले तीन बारीक पाय, तेही त्याच लालसर धातूचे.

तांबं. तांब्याचा गोल, आणि त्याच्या मधोमध एक भोक.

ते पाहिलं आणि भिंतीवरचं घड्याळ करायचं मनात आलं, हीच तबकडी सातपट मोठी करून. पण त्याआधी ह्या तांब्याच्या गोलाचं कूळ शोधायला हवं होतं. कारण भोक पाडलेलं तांबं आणि वेळ ह्यांची सोयरीक आपल्याकडे खिशातलं घड्याळ यायच्या कितीतरी आधीपासूनची आहे.

सूर्यसिद्धान्तात तिचं वर्णन आहे. तांब्याचं एक पात्र घ्यायचं, त्याच्या तळाला भोक पाडायचं आणि निर्मळ पाण्यानं भरलेल्या कुंडात ते सोडायचं. भोकातून पाणी आत शिरत राहतं आणि पात्र बुडतं. एका दिवसरात्रीत ते बरोबर साठ वेळा बुडलं पाहिजे. अर्ध्या कवटीच्या आकारामुळं त्याला कपालयंत्र म्हटलं आहे. घराघरांतलं नाव घटिकापात्र. एक बुडी म्हणजे एक घटिका, आपल्या हिशेबानं २४ मिनिटं. घटिकेची साठ पळं, पळाची साठ विपळं. अडीच घटकांचा तास, अडीच पळांचं मिनिट. दीड आणि अडीच सहज तोंडात असलेल्या आपल्या भाषेला हा हिशेब कधी जड गेला नसावा.

त्यातला 'निर्मळ' हा शब्द मला फार आवडतो. तो पावित्र्यासाठी नाही. पाण्यात कचरा असला तर भोक बुजेल आणि घटका लांबेल, म्हणून तो आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीची जी गोष्ट आपण लहानपणी ऐकतो तिचा सगळा भार ह्याच भोकावर आहे. लग्नाची घटका पाहायला वाकलेल्या मुलीच्या अंगावरचा मोती पात्रात पडतो, भोक बुजतं, पात्र बुडतच नाही आणि मुहूर्त टळून जातो. ही गोष्ट अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतरातून पसरली, म्हणजे भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी. ती घडली नसेल. पण ज्यानं ती रचली त्याला घटिकापात्राची दुखरी जागा अचूक ठाऊक होती.

पात्र बुडलं की ते लोकांना कळवायचं कसं? वाजवून. आणि इथून आपल्या वेळेच्या शब्दांना आवाज फुटतो. 'तास' हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ पेला, वाटी, धातूचं भांडं. 'घड्याळ' आलं घडीवरून, घडी घटीवरून, आणि घटी म्हणजे लहानसा घट. म्हणजे दोन्ही शब्द मुळात भांड्यांचे. चौदाव्या शतकात दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकानं आपल्या फिरोजाबादेत वेळ जाहीर करायची जी सोय केली तिचं नाव शम्स सिराज अफीफ ह्या इतिहासकारानं 'तास-ए-घडियाल' असं नोंदवलं आहे. आज आपण 'घड्याळात किती तास झाले' म्हणतो, तेव्हा हेच दोन शब्द जागा बदलून उभे असतात.

पुढं बाबर आला आणि त्यानं आपल्या आठवणींत ह्या देशाच्या वेळ मोजण्याच्या रीतीबद्दल बारकाईनं लिहिलं. शहरांत ह्या कामासाठी माणसं नेमलेली असतात, त्यांना घडियाली म्हणतात. तबकाएवढी मोठी पितळेची जाड चकती उंचावर टांगलेली असते, तिचं नाव घडियाल. पाण्यातलं पात्र बुडलं की तिच्यावर टोले पडतात. त्यात त्याला एक उणीव दिसली. रात्री जाग आली आणि तीन टोले ऐकू आले, तर ती कोणत्या प्रहराची तिसरी घटका हे कळायचं कसं? म्हणून घटकांचे टोले झाल्यावर थोडं थांबून प्रहराचे टोले वेगळे द्यावेत, असा हुकूम त्यानं केला.

घडियाल तबकाएवढं होतं ही नोंद वाचताना मी थबकले. खिशातल्या घड्याळाच्या चेहऱ्याला मराठीनं जे नाव दिलं ते ह्याच तबकावरून. तबक, तबकडी. विडे ठेवायचं ते तबक. ग्रामोफोनची फिरते ती तबकडी. परदेशातून आलेल्या यंत्राचा सगळ्यात दर्शनी भाग, आणि त्याला शब्द मिळाला तो घरातल्या ताटवाट्यांच्या फडताळातून. त्या यंत्राचं आणि घटिकापात्राचं रक्ताचं नातं काही नाही. कमान, चाकं, लोलक ह्यांचं घराणंच वेगळं. पण मराठीनं त्याला दत्तक घेतलं. नाव घड्याळ ठेवलं, त्याच्या साठ मिनिटांना तास म्हटलं, चेहऱ्याला तबकडी म्हटलं, आणि ते मुकं असलं तरी 'किती वाजले' असंच विचारत राहिली. दत्तक मुलानं घराण्याचं आडनाव लावावं तसं.

पुण्यात वेळ ऐकायचीच गोष्ट होती. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर नगारखाना आहे, तिथं चौघडा झडे. रात्री तोफ होई आणि तिच्यानंतर रस्त्यावर दिसेल त्याला कोतवालाची माणसं अडवत. लग्नघरी जोशीबुवा घंगाळात घटिकापात्र सोडून बसत. घटिकेची पूजा अजूनही काही घरांत होते. पाणी आत शिरताना तिच्याकडे लक्ष देऊन बसणारं आता कुणी नसतं, एवढंच. माझ्या शाळेत व्हरांड्याच्या तुळईला रुळाचा एक हातभर तुकडा टांगलेला होता. शिपाईकाका हातोडीनं त्यावर टोला देत आणि आम्ही म्हणायचो, तास झाला. तास ह्या शब्दाचा मूळ अर्थ आम्ही रोज कानांनी ऐकत होतो.

आता त्या दत्तक मुलाच्या जन्मघराकडे.

युरोपातल्या पहिल्या खिशातल्या घड्याळांना काटा एकच होता. दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होणाऱ्या यंत्राला मिनिटकाटा लावून करायचं काय? १६७५ मध्ये क्रिस्तियान हायगेन्सनं तोलचाकाला केसासारखी बारीक, गुंडाळलेली कमान बसवली आणि खिशातलं घड्याळ मिनिटांत बोलायला लागलं. दुसरा काटा आला, पाठोपाठ तबकडीच्या कडेला साठ खुणांची पट्टी आली. तोवर तबकड्या धातूच्या, कोरीव, नक्षीदार असत. पण बोटभर जागेत साठ रेषा आणि बारा आकडे मेणबत्तीच्या उजेडात वाचायचे तर पांढऱ्यावर काळं हवं, आणि ते पांढरं पिवळं पडणारं नको. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पांढऱ्या मीनाकारीची तबकडी रूढ होत गेली ती ह्या गरजेतून.

ती करायची रीत अशी. पातळ तांब्याची चकती कापून तिला किंचित फुगवटा द्यायचा. मधलं भोक आणि सेकंदांचं भोक पाडून घ्यायचं, पाठीला पाय जोडायचे. काच कुटून पीठ करायचं. ती दुधाळ व्हावी म्हणून तिच्यात कथलाचं भस्म. हे पीठ ओलं करून चकतीवर सारखं पसरायचं, वाळवायचं आणि आठशे अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत मिनिटभर ठेवायचं. पीठ वितळून तांब्याला चिकटतं आणि त्याची काच होते. थंड झालं की घासून पुन्हा थर, पुन्हा भट्टी. मग आकडे, तेही काळ्या काचेच्याच शाईचे, आणि शेवटची भट्टी. म्हणून त्या आकड्यांवरून दोनशे वर्षं बोट फिरवलं तरी ते पुसत नाहीत. ते रंगवलेले नसतात, काचेत काच मुरलेली असते.

आणि मागचा तो राखाडी थर? मला तो आधी निव्वळ बेफिकिरी वाटला होता. पण सगळी करामत त्यात आहे. तांबं आणि काच निवताना सारखी आकसत नाहीत. एकाच बाजूला काच असेल तर चकती वाकते आणि काच तडकते. म्हणून पाठीवरही काच द्यायची, म्हणजे दोन्हीकडून ओढ सारखी राहते. जिला कुणी कधी पाहणार नाही त्या बाजूनं पुढची बाजू सरळ धरून ठेवलेली असते. एवढं करूनही घड्याळ हातातून पडलं की तांबं दबतं, काचेला दबता येत नाही, आणि केसांएवढे तडे जातात. माझ्या तबकडीवरचे तडे हे तिच्या पडण्याचे हिशेब आहेत. ती निदान दोनदा पडली असावी, कारण तड्यांच्या उगमाची ठिकाणं दोन आहेत.

पुण्यात ही घड्याळं नेमकी कुणाच्या खिशातून आधी आली ह्यापेक्षा ती गरजेची कधी झाली हे जास्त महत्त्वाचं. १४ जून १८५८ ला खंडाळा ते पुणे आगगाडी सुरू झाली. चौघडा ऐकून गाडी पकडता येत नाही. गाडीला मिनिट लागतं. १८६५ मध्ये फाव्र-ल्यूबा ह्या स्विस घराण्यानं मुंबईत बस्तान बसवलं, १८८६ मध्ये वेस्ट एंड वॉच कंपनी आली. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये रॉस्कोफ नावाच्या घड्याळजीनं १८६७ च्या सुमारास कामगाराला परवडेल असं वीस फ्रँकचं घड्याळ काढलं आणि त्या धर्तीची स्वस्त घड्याळं जगभर पसरली. अंगरखा गेला, कोट आला, कोटाला खिसा आला. त्या काळच्या छायाचित्रांत पगडी, उपरणं, आणि बटणाच्या काजातून खिशात उतरणारी साखळी अशी माणसं दिसतात. वकील, मास्तर, स्टेशनातले बाबू. चेहरे करारी आणि साखळी मुद्दाम दिसेल अशी.

त्याच १८६७ मध्ये कँपात डेव्हिड ससूनच्या देणगीतून लाल देवळाचा, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगचा, नव्वद फुटी मनोरा उभा राहिला. त्यातलं घड्याळ लंडनहून आणलेलं. मान वर करून वेळ पाहायची सवय शहराला लागायला अशी घड्याळंही कारण झाली.

पण त्या मनोऱ्यावरची आणि त्या खिशांतली वेळ कुणाची होती? हा प्रश्न मला तबकडीच्या रंगरूपाहून मोठा वाटतो.

तोवर प्रत्येक गावाला स्वतःची मध्यान्ह होती. सूर्य पूर्वेकडच्या गावाला आधी भेटतो. एका रेखांशाला चार मिनिटं. पुणं मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ एक रेखांश, म्हणून पुण्याचे बारा मुंबईच्या चार मिनिटं आधी वाजत. आगगाड्यांना हे चालणारं नव्हतं. त्यांनी मद्रासची वेळ धरली, ती पुण्याच्या पुढं सुमारे सव्वीस मिनिटं. १८८१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांनी सरकारी कामकाजालाही मद्रासचीच वेळ लावली. मुंबईकर खवळले. आमच्या डोक्यावर सूर्य आलेला आम्हाला दिसतो, तो केव्हाच ढळला असं मद्रासनं का सांगावं, असा सरळ सवाल होता. दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली. ह्याच फर्ग्युसनसाहेबांचं नाव १८८५ मध्ये पुण्यातल्या कॉलेजला दिलं गेलं आणि शहराच्या रोजच्या बोलण्यात कायमचं राहिलं. त्यांच्या घड्याळाची आठवण मात्र कुणाला नाही.

१ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशाला एक वेळ लागू झाली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची. मुंबईत गिरणी कामगारांनी निषेध केला. महापालिकेनं आपली घड्याळं ३९ मिनिटं मागंच ठेवली, आणि ती १९५५ पर्यंत तशीच चालू राहिली. पुण्याची वेळ अशी लढली नाही. ती नुसती विरून गेली. पण ती काढता येते. देशाची वेळ ८२.५ रेखांशावरची, पुणं ७३.८६ वर. वजाबाकी करून चारनं गुणा. चौतीस मिनिटं आणि अर्ध्याहून जास्त. आपल्या फोनवर बारा पस्तीस होत येतात, तेव्हा पुण्याचे खरे बारा वाजतात.

हे गणित मांडलं त्या रात्री माझ्या घड्याळाचा आराखडा बदलला.

चकतीसाठी कसब्यातल्या तांबट आळीत गेले. ठोक्यांचा आवाज आळीच्या तोंडापासून ऐकू येतो. एका दुकानातल्या वयस्क कारागिराला मी कागद दाखवला: एक फुटाचा गोल, हलकासा फुगवटा, मध्ये आठ मिलिमीटरचं भोक.

"कशासाठी, ताई?"

"घड्याळ करतेय, काका. भिंतीवरचं."

त्यांनी पत्रा लाल होईस्तोवर तापवला आणि सरळ पाण्यात बुडवला. मी दचकले. पोलाद असं बुडवलं तर कडक होतं. "तांबं उलटं," ते म्हणाले, "विझवलं की नरम पडतं." मग त्यांनी पत्र्यावर आधी एक टिंब ठोकलं, कंपासचं टोक त्यात रोवलं आणि गोल फिरवला. माझ्या डोक्यात होतं की गोल कापून झाला की मध्य शोधायचा. इथं मध्य आधी होता आणि गोल त्याच्याभोवती आला. भोक शेवटी पडलं, पण जागा त्याचीच पहिली.

मठार घेऊ का, असं त्यांनी विचारलं. मठारकाम म्हणजे गुळगुळीत हातोडीचे जवळजवळ ठोके; त्यानं तांबं चमकतंही आणि कडक होऊन आकार धरतं. काठाला दोन बोटं मठार, मध्ये साफ, असं ठरलं. ठोकता ठोकता मी घटिकापात्राचा विषय काढला. ते हसले. भोक मोजून पाडताच येत नाही, म्हणाले. बारीक सुईनं टोचायचं, पाण्यात सोडायचं, वेळ धरायची. उशिरा बुडलं तर किंचित वाढवायचं. लवकर बुडलं तर मागून हलके ठोके देऊन भोक मिटवत आणायचं आणि पुन्हा टोचायचं. असं करत करत चोवीस मिनिटांवर आणायचं. "पात्र कुणीही करेल. दिवस जातो तो भोकात."

एक फुटाच्या तांब्यावर काच चढवायची तर भट्टीही तेवढी हवी. ती मला शक्य नव्हती. मोटारींना रंग देणाऱ्या एका कारागिराकडून दुधी पांढरा रंग मारून घेतला, दोन हात, मध्ये घासून. काठाचं मठारलेलं तांबं उघडं ठेवलं. मागची बाजूही तशीच ठेवली. तबकडीवरचे तडे मात्र मी रंगवले नाहीत. जुनं दिसावं म्हणून तडे काढायचा मोह होतो, तसे छापील कागदही बाजारात मिळतात. पण तडा म्हणजे पडल्याची खूण. जे पडलं नाही त्यावर ती काढणं मला खोटं वाटतं.

खुणा आखताना पहिल्या खेपेला चूक झाली. कंपासनं त्रिज्या घेऊन परीघाचे सहा भाग केले, ते दुभागून बारा; इथवर सगळं सुरेख. मग प्रत्येक भागाचे पाच करायला विभाजकाचं अंतर लावून एका खुणेवरून पुढची अशी चालत गेले. केसभर चूक साठ वेळा बेरजेत गेली आणि शेवटची रेघ पहिलीच्या दोन मिलिमीटर पलीकडे पडली. सगळं पुसून कोनमापकानं प्रत्येक खूण मध्यापासून वेगळी काढली. सहा अंश, बारा अंश, अठरा अंश. मध्याला विचारून काढलेली रेघ शेजारणीच्या चुकीला बांधील नसते.

आकडे देवनागरी हवे होते. खिशातल्या घड्याळांत आकड्यांचे पाय मध्याकडे असतात, म्हणजे खालच्या अर्ध्या भागातले आकडे उलटे दिसतात. रोमन सहा आणि रोमन चार उलटसुलट वाचले जाण्याचा घोळ त्यामुळंच होतो. चार हा चार उभ्या रेघांनी लिहायच्या रिवाजाचं हे एक कारण सांगतात. देवनागरीतला घोळ वेगळा निघाला. आपला ६ उलटा केला की तो शेपूट वर केलेल्या ३ सारखा दिसतो. कागदावर काढून पाहिलं तर एकाच घड्याळात दोन तीन. मग माझं लक्ष मूळ तबकडीकडे गेलं. तिच्यात सहा होताच कुठं? त्या जागी सेकंदांचं छोटं वर्तुळ होतं. त्यानं सहाला गिळून माझी अडचण आधीच सोडवून ठेवली होती.

आणि तेच वर्तुळ मी पुण्याला दिलं. तपकीर गल्लीत दोन क्वार्ट्झ मशीन मिळाली, साडेपाच सेंटिमीटर चौकोनी, एकेका पेन्सिल सेलवर चालणारी. आतला गारेचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ती संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरते, आणि त्या एकावर काटा पुढं सरकतो. एक मशीन मध्यावर. दुसरं त्याच्या साडेसात सेंटिमीटर खाली, म्हणजे मागं दोन्ही एकमेकांना न टेकता बसतात. दुसऱ्या भोकासाठी पुन्हा आळीत जावं लागलं. रंग दिलेली चकती पाहून काकांनी ती फडक्यावर पालथी घातली आणि पाठीकडून टिंब ठोकलं.

काटे पोलादाचे करून तीनशे अंशांच्या आसपास तापवायचे, म्हणजे त्यांना तो जुना गडद निळा रंग चढतो, असा माझा बेत होता. पण पोलादी काटा जड आणि ह्या मशीनचा जोर बेताचा. पातळ ॲल्युमिनियमचेच घेतले आणि निळे रंगवले. हे मला अजून खटकतं.

मोठे काटे देशाच्या वेळेला लावले. छोटे साडेचौतीस मिनिटं मागं. दोन मशीनचे ठोके एकमेकांत मिसळत नाहीत. रात्री खोलीत शांत झालं की टक्, आणि किंचित अंतरानं दुसरी टक्, असं ऐकू येतं.

ते छोटं घड्याळ बरोबर आहे की नाही हे विचारायला एकच जागा होती. सूर्याचे बारा आणि घड्याळाचे बारा वर्षभर थोडे पुढंमागं होतात. वर्षातून चारदाच ते जुळतात. त्यातला एक दिवस २५ डिसेंबर. आदल्या दिवशी गच्चीत ओळंबा लावून एक काठी उभी केली, तिच्याभोवती खडूनं वर्तुळ काढलं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवलं तिथं एक खूण, दुपारनंतर पुन्हा शिवलं तिथं दुसरी. दोन खुणांमधला मध्यबिंदू आणि काठी जोडली की उत्तर-दक्षिण रेघ मिळते. शुल्बसूत्रांच्या काळापासूनची रीत, आणि तिलाही लागतं ते एक टिंब आणि एक गोल.

२५ तारखेला सव्वाबारापासून मी गच्चीत होते. घड्याळ खिळ्यावरून काढून सोबत आणलं होतं, मांडीवर धरलं होतं. डिसेंबरातल्या सावल्या लांब असतात, म्हणून सरकताना दिसतात. मोठे काटे साडेबाराच्या पुढं गेले तेव्हा सावली रेघेच्या डावीकडे बोटभर होती. मग अर्धं बोट. मग तिची कड रेघेला टेकली, आणि थोड्या वेळानं रेघ सावलीच्या बरोबर मधून गेली. खालच्या वर्तुळातले दोन्ही काटे बारावर एकमेकांवर होते.

खाली येऊन मी बारीक कुंचल्यानं त्या छोट्या वर्तुळात, भोकाच्या थोडं वर, 'पुणे' लिहिलं आणि रंग वाळेपर्यंत ते टेबलावर उताणं ठेवलं.